चित्रपटाची फीत धुणारा द्रव : त्याचे गुण आणि त्याची किंमत

कोणत्याही मालाची पारख व्यापारी दोन प्रश्नांनी करतो. हा माल कोणाच्या काय उपयोगी पडेल, हा पहिला प्रश्न. आणि तो हाताळणाऱ्यास, साठविणाऱ्यास व वापरणाऱ्यास एकंदरीत काय भावाने पडेल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाजारात चार दिवसांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यास कधी कधी दोन पिढ्या जाव्या लागतात. प्रस्तुत लेखात अशाच एका मालाची हकीकत सभासद बंधुभगिनींसमोर ठेवावयाची आहे. रसायनशास्त्रात त्यास कार्बन टेट्राक्लोराइड म्हणतात. बाजारात तो 'सी.टी.सी.' या तीन अक्षरांनी ओळखला जाई. चित्रपटगृहातील यंत्र चालविणारे ऑपरेटर त्याने फिल्म पुसत असत, आणि त्याच बाटलीतून त्यांनी इतकी निरनिराळी कामे करून घेतली की, मूळ काम कोणते व जोडकाम कोणते, हे सांगणे कठीण व्हावे.

धान्याच्या व्यापाऱ्याने सिनेमाच्या यंत्राविषयी लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु हाच द्रव एके काळी धान्याच्या कोठारांतही वापरला जात असे. तेव्हा सिनेमाचे यंत्रघर आणि आपली वखार यांचे या बाबतीत जुने नाते आहे, आणि ते नाते आजही काही शिकविणारे आहे.

फिल्मला स्वच्छतेची गरज का?

चित्रपटाची फीत ३५ मिलिमीटर रुंद असे. पडद्यावरील हालचाल स्वाभाविक दिसावी म्हणून बोलपटात दर सेकंदास २४ चित्रे यंत्रातून सरकत, म्हणजे मिनिटाला ९० फूट फीत लागे. तीन तासांचा खेळ म्हटला की फितीची लांबी १६,००० फुटांच्या वर जाई. ही फीत डब्यांत भरून एका गावाहून दुसऱ्या गावी, शहरातील चित्रगृहातून जत्रेच्या तंबूत असा प्रवास करी. प्रत्येक ठिकाणी तिच्यावर धूळ बसे, यंत्राचे तेल उडे आणि हाताळणाऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटत.

एवढ्याशा धुळीने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून थोडा हिशेब मांडून पाहावा. फितीवरील चित्राची रुंदी सुमारे २१ मिलिमीटर. पडदा २१ फुटांच्या आसपास रुंद असला, तरी चित्र सुमारे ३०० पट मोठे होते. फितीवर एक दशांश मिलिमीटरचा कण बसला, तर पडद्यावर तो सुमारे सव्वा इंचाचा डाग होऊन नायिकेच्या कपाळावर बसतो. शिवाय फितीच्या कडेला आवाजाची रेघ असते. तिच्यातून जाणारा प्रकाश कमीअधिक होतो आणि त्यातूनच आवाज निर्माण होतो. त्या रेघेवर घाण बसली की गाण्यात खरखर येते. फितीवरील चरे मळाने भरले म्हणजे पडद्यावर उभ्या काळ्या रेघा पडू लागतात. प्रेक्षक त्याला 'पाऊस पडतो' असे म्हणत. जुन्या, झिजलेल्या प्रतींचा हा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको.

हाच द्रव का निवडला गेला?

फीत पाण्याने पुसता येत नाही, कारण तिच्यावरील चित्राचा थर जिलेटिनचा असतो व तो पाण्याने फुगतो. ॲसिटोनसारखे द्रव फीतच विरघळवितात. बेन्झिन किंवा पेट्रोल यांनी तेलकटपणा उत्तम निघतो. परंतु यंत्रघरात त्यांची बाटली उघडणे म्हणजे प्रत्यक्ष अग्नीला आमंत्रण होते.

याचे कारण असे की, सुमारे १९५१ सालापर्यंत चित्रगृहांतील फीत सेल्युलोज नायट्रेट या पदार्थाची असे. हा पदार्थ बंदुकीच्या निर्धूर दारूचा जवळचा नातलग. जळण्यास लागणारा प्राणवायू त्याच्या अंगातच असतो, त्यामुळे एकदा पेटलेली फीत पाण्यात बुडविली तरी जळत राहते. अशी फीत ज्या दिव्यासमोरून धावे, तो दिवा म्हणजे दोन कार्बनच्या कांड्यांमधील धगधगता विजेचा झोत. ४ मे १८९७ रोजी पॅरिस येथील एका धर्मादाय बाजारात चित्रपटयंत्राच्या दिव्यासाठी वापरलेल्या ईथरने पेट घेतला आणि १२६ माणसे मृत्युमुखी पडली. नायट्रेट फितीचा धोका पुष्कळ वर्षांनंतरही किती जिवंत होता, हे आपल्या जवळ पुण्यास दिसून आले. जानेवारी २००३ मध्ये तेथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागली आणि जुन्या भारतीय चित्रपटांची हजारो रिळे नष्ट झाली.

अशा ठिकाणी हवा होता तो चार गुणांचा द्रव. त्याने तेल व मेण विरघळवावे, फितीस धक्का लावू नये, क्षणात उडून जावे आणि मुख्य म्हणजे पेटू नये. आंरी रेन्यो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली प्रथम तयार केलेल्या कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये हे चारही गुण एकत्र आढळले. तो पाण्यासारखा स्वच्छ, किंचित गोडसर वासाचा, पाण्याच्या दीडपटीहून जड आणि ७७ अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळणारा. उघड्या बशीत ओतला तर पाहता पाहता दिसेनासा होई.

फीत पुसण्याची रीतही साधी होती. रीळ गुंडाळण्याच्या टेबलावर दोन चक्रे. एका हाताने चक्र फिरवावयाचे व दुसऱ्या हातात मखमलीची किंवा मऊ कापडाची द्रवाने भिजविलेली घडी धरून तिच्यातून फीत सरकू द्यावयाची. वेग असा ठेवावयाचा की, पुढच्या चक्रावर चढण्यापूर्वी फीत कोरडी व्हावी. ओली फीत गुंडाळली गेली तर तिच्यावर डाग राहतात. कापडाची बाजू वारंवार बदलावी लागे, नाहीतर एका ठिकाणचा कण पुढच्या शेकडो फुटांवर चरा ओढीत जाई. दोन हजार फुटांचे एक रीळ, आणि अशी आठ-नऊ रिळे. हे सर्व काम माणसाने त्या बाटलीशेजारी बसून, तोंड खाली घालून करावयाचे.

बाटलीची जोडकामे

ज्याच्या हाताशी असा गुणी द्रव असेल, तो त्याचा उपयोग एकाच कामापुरता करील, हे संभवत नाही. यंत्राच्या भिंगावर तेलाचा शिंतोडा उडाला तर त्याच कापडाने पुसावा. आवाजाच्या यंत्रातील लहानशी काच धुरकट झाली तर तीही त्यानेच पुसावी. हा द्रव विजेचा वाहक नाही, म्हणून मोटारीवरील वंगण व बटणांच्या टोकांवरील मळ काढण्यासही तो सोयीचा. पट्टा तेलाने घसरू लागला, जुन्या चिकटपट्टीचा डिंक फितीस चिकटून राहिला किंवा ग्रीसने हात माखले, तरी उपाय एकच.

यंत्रघरातून ही कीर्ती बाहेर जाण्यास वेळ लागत नसे. पैठणीवर तुपाचा थेंब पडला, धोतरास डांबर लागले, कोटावर मेण सांडले, की ऑपरेटरची आठवण होई. आमच्या पेठेनजीकच्या चित्रगृहातील ऑपरेटर सणासुदीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांचे असे कपडे घेऊन बसलेला मी लहानपणी पाहिला आहे. तो पैसे घेत नसे. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी फराळाचे ताट जाई. पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्यांनाही हा द्रव ठाऊक होता. काळ्या बशीत तिकीट उपडे ठेवून त्यावर दोन थेंब टाकले की, कागदातील जलचिन्ह स्पष्ट दिसे व तिकिटाचा डिंक बिघडत नसे.

सर्वांत विलक्षण जोडकाम म्हणजे आग विझविण्याचे. अमेरिकेतील पायरीन कंपनीने १९११ च्या सुमारास या द्रवाने भरलेला पितळी हातपंप बाजारात आणला. मोटारींत, कारखान्यांत व चित्रगृहांत तो भिंतीवर टांगलेला असे. विजेच्या लहानशा आगीवर तो चांगला चाले. परंतु नायट्रेट फितीस बाहेरच्या हवेची गरज नसल्याने तिच्यापुढे त्याचे काही चालत नसे. उलट तापलेल्या धातूवर हा द्रव पडला म्हणजे त्यातून फॉस्जीन उत्पन्न होतो. पहिल्या महायुद्धात रणांगणावर सोडण्यात आलेल्या विषारी वायूंपैकी हा एक. अर्थात आग विझविण्यास धावलेल्या माणसाला आगीपेक्षा औषधाचेच भय अधिक असे.

याच कुळातील पर्क्लोरोएथिलीन या भावंडाची एक युक्ती तर मोठी मनोरंजक आहे. फितीवरील चरा दिसतो, कारण त्या खाचेत प्रकाश वाकतो. परंतु ज्याची प्रकाश वाकविण्याची शक्ती फितीच्या जवळपास तितकीच आहे, असा द्रव त्या खाचेत भरला, तर चरा डोळ्यांस व कॅमेऱ्यास दिसेनासाच होतो. या तत्त्वावर प्रयोगशाळांतून फीत द्रवात भिजलेली असतानाच तिची नवी प्रत काढण्याची पद्धत निघाली आणि जुन्या चित्रपटांवरील कितीतरी 'पाऊस' तिने थांबविला. फीत धुण्याचा द्रव तिच्या जखमाही झाकू शकतो, हे प्रथम ऐकणारास खरे वाटत नाही.

औषधापासून धान्याच्या कोठारापर्यंत

चित्रगृहाबाहेर या द्रवाचा संचार याहूनही मोठा होता. १९२१ साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील मॉरिस हॉल यांनी तो पोटातील अंकुशकृमींवर गुणकारी असल्याचे दाखविले, आणि काही वर्षे अनेक देशांतील रोग्यांना तो चक्क पाजण्यात आला. कृमी पडत, परंतु काही रोगीही दगावत, म्हणून हा उपाय मागे पडला. कपड्यांच्या कोरड्या धुलाईत तो बरीच वर्षे मुख्य होता. थंड कपाटांत खेळविण्याचे फ्रेऑन वायू १९३० नंतर निघाले, त्यांचा कच्चा मालही हाच.

आता आपल्या धंद्याकडे वळू. सोंडे, भुंगेरे यांच्यापासून साठ्याचे रक्षण करण्यासाठी एथिलीन डायक्लोराइड तीन भाग व कार्बन टेट्राक्लोराइड एक भाग असे मिश्रण वापरले जाई, 'ई.डी.सी.टी.' या नावाने ते जुन्या व्यापाऱ्यांच्या स्मरणात असेल. या मिश्रणात कीटकांना मारण्याचे मुख्य काम पहिल्या घटकाचे. तो मात्र ज्वालाग्राही आहे. दुसरा घटक त्याचा पेट घेण्याचा धोका कमी करी आणि आपल्या जड वाफेबरोबर त्यास पोत्यांच्या थप्पीत खोलवर उतरवी. या द्रवाची वाफ हवेच्या पाचपटीहून जड असते, म्हणून वरून शिंपडले तरी ती तळापर्यंत जाई. वखारीतील या कामात तोच तिचा मोठा गुण मानला गेला.

परंतु हाच गुण यंत्रघरात नेऊन पाहावा. यंत्रघर म्हणजे बहुधा दहा-बारा फुटांची खोली. आगीच्या भयाने तिला मोठ्या खिडक्या ठेवीत नसत. प्रेक्षागृहाकडील झरोक्यांनाही लोखंडी झडपा असत. धूर जाण्याची वाट वर छताशी, आणि ही जड वाफ खाली जमिनीशी साचणारी. टेबलाशी वाकून बसलेला ऑपरेटर तिच्या मध्यभागी. वखारीत धुरी दिल्यावर आपण दारे लावून बाहेर येतो. ऑपरेटर मात्र दारे लावून आत बसे.

किंमत कोणी दिली?

हा द्रव श्वासावाटे शरीरात जातो, तसाच कातडीतूनही जातो. यकृतात त्याचे विघटन होऊन अत्यंत तीव्र असे कण निर्माण होतात व ते यकृताच्या पेशी जाळतात. मूत्रपिंडांवरही घाला पडतो. प्रथम केवळ डोके दुखते, मळमळते, थोडी गुंगी येते. खरा परिणाम एक-दोन दिवसांनी काविळीच्या रूपाने उमटतो, आणि तोवर त्या बाटलीची आठवण कोणालाच राहिलेली नसते. वास गोडसर असल्याने नाक धोक्याची सूचना देत नाही. वास जाणवू लागेपर्यंत हवेतील प्रमाण मर्यादेबाहेर गेलेले असते. मद्यपान करणारावर हा घाला कितीतरी पटींनी जोराचा बसतो, हे वैद्यकाने फार पूर्वी नोंदविले आहे. एकाच खोलीत तेच काम करणारे दोघे, त्यातील एक धडधाकट राहतो व दुसरा दगावतो, याचे कारण पुष्कळदा हेच असे. मग दोष दारूच्या माथी मारून बाटली पुन्हा फळीवर ठेवली जाई.

अमेरिकेत घरगुती वस्तूंतून या द्रवाची विक्री १९७० साली बंद झाली आणि धान्याच्या धुरीतील वापर १९८५-८६ च्या सुमारास संपला. त्याच्या जागी चित्रपटाच्या धंद्याने मिथाइल क्लोरोफॉर्म नावाचा सौम्य द्रव पत्करला होता. फीत धुण्याच्या मोठ्या यंत्रांत, तसेच टंकलेखनातील चुका पुसण्याच्या पांढऱ्या शाईतही तोच असे. शरीरास तो पहिल्याइतका घातक नव्हता. पण त्याच्यावर निराळाच आरोप सिद्ध झाला. १९७४ साली मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखविले की, फ्रेऑनसारखी क्लोरीनयुक्त द्रव्ये वातावरणात उंच जाऊन ओझोनचा थर खातात. ही दोन्ही द्रव्ये त्याच पंक्तीत बसणारी निघाली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. १९९० साली लंडन येथे त्यात या दोन्ही द्रवांचा समावेश झाला. भारत १९९२ साली करारात सामील झाला. आपल्याकडे तयार कपड्यांवरील डाग काढण्यासाठी आणि धातूचे भाग धुण्यासाठी लहान कारखान्यांतून सी.टी.सी. बराच उशिरापर्यंत चालू होता. त्यांना पर्याय देत देत १ जानेवारी २०१० पासून तो अशा सर्व कामांतून बंद करण्यात आला. दुसरी रसायने बनविण्यासाठी बंद कारखान्यात कच्चा माल म्हणून तेवढा त्याचा उपयोग राहिला आहे.

पुढील काही वर्षांत चित्रगृहांतून खुद्द फीतच गेली आणि तिची जागा संगणकीय चित्राने घेतली. आता फीत धुण्याचे काम मुख्यतः संग्रहालयांतून व प्रयोगशाळांतून, जुने चित्रपट संगणकात उतरवून घेण्यापूर्वी केले जाते. ते बंद यंत्रात होते आणि वाफ बाहेर पडू न देता पुन्हा द्रवरूप करून घेतली जाते. फितीला जो द्रव पूर्वी हाताने लावीत, त्यास आज हात लागू नये म्हणून एवढी सिद्धता करावी लागते.

आपल्यासाठी

ही हकीकत केवळ गतकाळाचे कौतुक म्हणून सांगितलेली नाही. ऑपरेटरला तो द्रव देणाऱ्या दुकानदाराच्या मनात कपट नव्हते आणि शेजाऱ्यांचे कपडे स्वच्छ करून देणारा ऑपरेटर तर सज्जनच होता. माल उत्तम काम देत होता, आणि उत्तम काम देणारा माल निरुपद्रवीही असला पाहिजे, असे सर्वांनी गृहीत धरले. धंद्यात अशी गृहीत धरलेली गोष्टच महाग पडते.

आज वखारींतून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या जातात. तीन ग्रॅमची एक गोळी हवेतील ओलाव्याने एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. या वायूवर उतारा नाही. नियमानुसार हे काम अधिकृत व प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावयाचे असते. जुन्या पेठांतून आपल्यापैकी कितीतरी जणांची घरे दुकानाच्या माडीवर आहेत, हमाल वखारीच्या ओसरीवर झोपतात आणि भिंतीला भिंत लावून शेजारी राहतो. फळीच्या फटीतून व जिन्यावाटे वायू वर जाण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ज्या इमारतीत माणसे झोपतात, तेथे अशी धुरी देऊ नये. हमालास गोळ्या हाताळावयास सांगू नये. ठरलेली मुदत संपून हवा खेळल्याखेरीज कुलूप काढू नये. हे नियम खर्चाचे वाटले, तर यंत्रघरातील ऑपरेटरचा हिशेब डोळ्यांसमोर आणावा.

आपल्या वडीलधाऱ्यांची रीत तर याच्याही आधी सुरू होत असे. धान्य उन्हात खडखडीत वाळवावे, वखार झाडून चुन्याने पांढरी करावी, पोती भिंतीपासून दूर फळ्यांवर रचावीत आणि मुळात कीड होऊच देऊ नये. जीव झाल्यावर मारण्यापेक्षा होऊ न देणे बरे, हा धर्मविचार त्यांच्यामागे होता. आणि तो विचार वखारीजवळ झोपणाऱ्या माणसाच्याही हिताचा होता.

एखाद्या सभासदाच्या जुन्या कोठीत किंवा बंद पडलेल्या चित्रगृहाच्या सामानात सी.टी.सी.ची बाटली, ई.डी.सी.टी.चा डबा किंवा पितळी हातपंप अद्यापि पडला असण्याचा संभव आहे. तो उघडून वास घेऊन पाहू नये, गटारात ओतू नये, भंगारवाल्यास देऊ नये. झाकण घट्ट ठेवून, त्यावर नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करून मान्यताप्राप्त संस्थेच्या स्वाधीन करावा. नव्याने एखादे गुणकारी रसायन दुकानी आले, तर त्याच्या उपयोगांची यादी वाचण्यापूर्वी वेष्टनावरील धोक्याची सूचना वाचावी, आणि ज्याला वाचता येत नाही अशा आपल्या हमालास ती वाचून दाखवावी.